जुनी बिडाची बुलेट लांबच्या रस्त्यासाठी तयार करताना

काकांची, आजोबांची किंवा गावातल्या कुणाची तरी बुलेट पडवीत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असते आणि एक दिवस तिची किल्ली आपल्या हातात येते. मग डोक्यात पहिला विचार येतो तो गोव्याचा, नाहीतर थेट लडाखचा. हा लेख त्या विचाराच्या आणि प्रत्यक्ष प्रवासाच्या मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी आहे. ज्यांनी आजवर प्लगसुद्धा खोललेला नाही, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

गाडी कोणती, ते आधी स्पष्ट करतो. साडेतीनशेची जुनी बुलेट, बिडाच्या सिलिंडरची, जिला सगळे ‘कास्ट आयर्न’ किंवा ‘सीआय’ म्हणतात. ३४६ सीसी, ७० मिमीचा बोअर आणि ९० मिमीचा स्ट्रोक. मुळात ही रचना इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीची. १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि पुढे मूळची इंग्रजी कंपनी बंद पडली, तरी हे इंजिन आपल्याकडे २०१०च्या सुमारापर्यंत बनत राहिलं. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. पुण्यात नाना पेठेत हिंडलात तर बहुतेक सगळं एका फेरीत सापडतं, आणि लेथचं काम असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा नाही.

ओळख सोपी आहे. इंजिन आणि गेअरबॉक्स वेगवेगळे, एकमेकांना बोल्टने जोडलेले. बहुतेक जुन्या गाड्यांना गेअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गेअर वर, बाकीचे तीन खाली. गेअरच्या जवळच टाचेने दाबायची एक छोटी पट्टी असते. पहिला सोडून कुठल्याही गेअरमधून ती दाबली की गाडी थेट न्यूट्रल होते. आजच्या गाड्या चालवून सवय झालेला माणूस घाईत डावा पाय गेअर समजून दाबतो आणि मागचं चाक जाम होतं. म्हणून गाडी चालू झाली की रस्त्यावर नेण्याआधी दोन रविवार मोकळ्या मैदानात घालवा. पाय आपोआप योग्य जागी गेला पाहिजे.

एक वही आणि एक नियम

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही आणा. काय उघडलं, काय बदललं, तेव्हा किलोमीटर किती झाले होते, हे त्यात लिहायचं. आणि नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की गाडी चालवून बघायची, मगच पुढची.

हा नियम मला कुंभार्ली घाटाने शिकवला. जुलै महिना, चिपळूणहून कराडकडे निघालो होतो. पोफळी ओलांडली, चढ लागला आणि गाडीचा जीव जाऊ लागला. रेस दिली की सायलेन्सरमधून फटफट आवाज, आणि ताकद शून्य. कशीबशी एका गॅरेजपर्यंत आणली. तिथल्या माणसाने मनापासून मदत केली, पण एकदम सगळंच केलं: प्लग बदलला, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला आणि कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू फिरवले. गाडी सुरू झाली, वीसेक किलोमीटर चालली, आणि पुन्हा बंद. रात्र पाटणला काढली. सकाळी पॉइंटचं (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या जोडीचं) झाकण उघडलं तेव्हा दिसलं, की पॉइंटची फायबरची टाच झिजून मधली फट जवळजवळ बंद झालीय. फट नीट लावायला दहा मिनिटं लागली. पण कार्बोरेटर मुळात कुठल्या सेटिंगवर होता ते कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो जागेवर आणायला पुढचे दोन दिवस गेले. आता स्क्रू फिरवण्याआधी तो किती आटे आत आहे ते मी मोजतो आणि वहीत लिहितो. तुम्हीही लिहा.

हत्यारं

रिंग पाने आणि फिक्स पाने, चांगल्या पोलादाचे. जुन्या गाडीवर इंची आणि मिलिमीटर दोन्ही मापांचे नट भेटतात, कारण अर्ध्या शतकात अनेक हात फिरलेले असतात. जवळपासच्या मापाचा पाना घालून जोर लावला की नटाचे कोपरे जातात, आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय मार्ग राहत नाही. पाना सैल वाटला की थांबा, योग्य माप शोधा. याशिवाय फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्यांचा संच), प्लग पाना, दोन-तीन मापांचे स्क्रूड्रायव्हर, पकड, पितळी तारेचा ब्रश, रॉकेल, सुती फडकी, आणि एक जुनं ताट, ज्यात खोललेले नट-वायसर क्रमाने ठेवता येतील. मोबाईल खिशात ठेवा. प्रत्येक जोड उघडण्याआधी फोटो काढा.

इंजिनाचे बाजूचे कव्हर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यांचे आटे फार लवकर जातात. कुठलाही स्क्रू आधी बोटांनी तीन-चार फेरे आत जाऊ द्या, मगच पाना लावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका बसलाय.

वर्षभर उभी असलेली गाडी जागी करताना

किक मारू नका, हे पहिलं. प्लग काढा आणि त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडा. रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मेन स्टँडवर लावून चौथ्या गेअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. पिस्टन मोकळा असेल तर चाक फिरेल. अडलं तर जोर करू नका, आणखी दोन दिवस तेल मुरू द्या.

मग खालचा बूच. या इंजिनाची तेलाची रचना समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. तेलाची टाकी वेगळी नाही. इंजिनाच्या खोक्यातच मागच्या बाजूला तिचा कप्पा आहे. एक पंप तिथून तेल उचलून क्रँकला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) आणि वर रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) देतो. खाली साचलेलं तेल दुसरा पंप उचलून परत टाकीत टाकतो. गाडी खूप दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. डिपस्टिक बघितली तर टाकी रिकामी दिसते. नवा माणूस घाबरून वरून लिटरभर तेल ओततो. मग किक मारली की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि जास्तीचं तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडू लागतं. म्हणून खूप दिवसांनी गाडी काढताना आधी क्रँकच्या खालचा बूच उघडून उतरलेलं तेल भांड्यात घ्यायचं. एरवी तेलाची पातळी बघायची ती इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद केल्यावर.

पेट्रोलची टाकी टॉर्च लावून आतून बघा. तळाशी तांबूस गाळ असेल तर टाकी उतरवा, आत रॉकेल आणि मूठभर बारीक खडी घालून हलवा, पुन्हा पुन्हा धुवा, उन्हात वाळवा. कॉकच्या वरची जाळी साफ करा. रबरी पाईप मात्र सरळ नवा घाला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. त्यासाठी बनवलेला पाईप मागून घ्या, आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

तेल

२०डब्ल्यू५० हे या इंजिनाचं तेल. फार पातळ आधुनिक तेल घालायचा मोह टाळा. मी दर अडीच-तीन हजार किलोमीटरला बदलतो आणि मोठ्या प्रवासाआधी किलोमीटर न बघता बदलतो.

गाडी थोडी चालवून आणा, म्हणजे तेल पातळ होईल. मग खालचे दोन्ही बूच उघडा. बुचांना जाळ्या असतील तर त्या रॉकेलमध्ये धुवा. जाळीवर काय अडकलंय ते नीट बघा, कारण इंजिनाच्या आत काय चाललंय ते तिथे कळतं. बारीक करडी पूड चालते. पिवळसर चमकणारी चकती किंवा लोखंडाचा तुकडा सापडला तर प्रवास पुढे ढकला आणि इंजिन जाणत्या माणसाला दाखवा. फिल्टर उजवीकडच्या टायमिंग कव्हरमध्ये असतो. त्याच्या मागेपुढे स्प्रिंग आणि वायसर असतात. त्यांचा क्रम फोटोत असू द्या, कारण तो चुकला तर तेल फिल्टरला वळसा घालून निघून जातं.

टाकीत साधारण सव्वादोन लिटर तेल बसतं, पण थोडं जुनं आत राहतंच. म्हणून आधी पावणेदोन लिटर ओता, इंजिन चालवा, बंद करा, डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा. शेवटचं काम कधीही चुकवू नका: इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू असताना रॉकरकडे जाणाऱ्या बारीक पाईपचा वरचा बोल्ट किंचित सैल करा. तिथून तेल पाझरलं पाहिजे. पाझरलं नाही तर लगेच इंजिन बंद करा, पंप तेल देत नाहीये.

डावीकडे प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी आतली चेन) आणि क्लच यांचं वेगळं तेल असतं, साधारण ४२० मिली. ते कव्हर मधल्या एकाच नटाने बसतं. तिथून तेल गळतं म्हणून लोक नट आवळत राहतात. त्याने कव्हर वाकतं आणि गळती वाढते. कव्हर काढा, रबरी रिंग नवी घाला, कड पुसा, नट बेताने आवळा. कव्हर काढलंच आहे तर प्रायमरी चेनचा ताणही बघून घ्या. मधोमध ५-६ मिमी खेळ पुरे.

‘बुलेट म्हणजे तेल गळणारच’ असं तुम्हाला शंभर जण सांगतील. मला ते मान्य नाही. सगळीकडून थोडं थोडं तेल येत असेल तर बहुतेक वेळा दोष ब्रीदरचा असतो. क्रँकच्या खोक्यातला दाब बाहेर सोडणारी ही नळी असते, आणि तिच्या वाटेवर बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. ती चोच कडक झाली, चिकटली, की आतला दाब कोंडतो आणि गॅस्केटमधून तेल ढकलतो. आधी ती स्वस्तातली चोच बदला, मग गॅस्केटकडे वळा.

ठिणगी

सिलिंडरच्या मागे, टायमिंग कव्हरच्या वर डिस्ट्रिब्युटर असतो. त्याच्या झाकणाखाली पॉइंट. चाक हाताने फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडे होतील तिथे थांबा. मधली फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी. फिलर गेजची पट्टी किंचित घासत आत-बाहेर झाली पाहिजे. पॉइंटवर काळे डाग असतील तर बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरवा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला पुठ्ठ्याचा तुकडा मधून ओढा, म्हणजे पावडर निघून जाईल. फायबरची टाच कॅमवर जिथे घासते तिथे ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका लावा. तो न लावल्यामुळे टाच झिजते, फट मिटते, टायमिंग मागे पडतं, आणि मग माणूस कुंभार्ली घाटात पावसात उभा राहतो.

पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन छोट्या स्प्रिंग असतात. वेग वाढला की ती वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. गंजून ती बाहेरच अडकली तर किक उलटी येते, आणि बुलेटची उलटी किक घोट्याचं हाड मोडू शकते. वर्षातून एकदा प्लेट काढून ती साफ करा, तेलाचा थेंब द्या. प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि खोक्यावर सरळ रेघ ओरखडून ठेवा, म्हणजे बसवताना टायमिंग हलणार नाही.

प्लगची फट ०.५ ते ०.६ मिमी. प्लगचा रंग बघायची सवय लावा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरट म्हणजे कमी, आणि ओला चिकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. हा रंग बघायचा तो गाडी रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर पळवून लगेच बंद केल्यावर. दारात स्लोवर चालवून बघितलेल्या रंगाला काही अर्थ नसतो.

टॅपेट

टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, पुशरॉडची, फट नीट करणं. नवीन माणसाला याची सगळ्यात जास्त भीती वाटते, पण या इंजिनावर हे सगळ्यात सुंदर काम आहे. इतर गाड्यांत टॅपेट वर असतात. इथे सिलिंडरच्या उजव्या बाजूला खाली एक छोटं झाकण आहे, एका नटावर. ते काढलं की दोन पुशरॉड समोर उभे दिसतात.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं. प्लग काढा, चौथ्या गेअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा त्याला जोराने ढकलते तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन वर पोचला की थांबा. आता दोन्ही पुशरॉड चिमटीत धरून फिरवा. ते सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली जराही हलता कामा नयेत. म्हणजे फट शून्य, तरी पुशरॉड मोकळा. हे मोजायला फिलर गेज लागत नाही, बोटांनाच कळतं. पुशरॉड फिरत नसेल तर टॅपेट घट्ट आहे, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तो जळेल. वरखाली टकटक करत असेल तर सैल आहे. दोन पाने धरून लॉकनट सैल करा, ॲडजस्टर फिरवा, लॉकनट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, कारण आवळताना सेटिंग हमखास थोडं सरकतं. पहिल्यांदा तासभर जाईल. चौथ्या वेळी दहा मिनिटं.

कार्बोरेटर

मिककार्बचा व्हीएम २४ असेल तर नशीब समजा, साधा आणि समजूतदार कार्बोरेटर आहे. वाटी काढा, तळाचा गाळ पुसा, पायलट जेट काढून आरपार फुंका. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेचा स्क्रू पूर्ण आत हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. मग इंजिन चांगलं गरम झाल्यावर स्लो किंचित वाढवा, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जिथे फायरिंग सगळ्यात जलद आणि एकसारखं होईल तिथे ठेवा, आणि स्लो पुन्हा खाली आणा. लोकांना फार खालचं, मोजून घ्यावं असं फायरिंग आवडतं. कानाला ते गोड लागतं, पण इतक्या कमी फेऱ्यांवर तेलाचा पंपही तितकाच हळू फिरतो. थोडं वर ठेवा.

चेन, चाकं, ब्रेक

मागच्या चेनचा खेळ २५ ते ३० मिमी. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात घट्ट जागी हे माप धरा. ताण देण्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना शंखासारखे कॅम असतात. दोन्हीकडचे खाचे मोजून सारखे ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन सरकवली की मागचा ब्रेकही पुन्हा लावावा लागतो, हे विसरू नका. चेनच्या कुलपाची (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीच्या क्लिपची) बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवी.

आऱ्यांवर पान्याने हलकेच टिचकी मारत चाकाभोवती फिरा. ताणलेली तार टणटणीत वाजते, सैल तार ठप्प. टायरची नक्षी खोल दिसली तरी कडेचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचा टायर नवा दिसत असला तरी टाकून द्या. हवा पुढे २० च्या आसपास आणि मागे २८, मागे माणूस आणि सामान असेल तर ३२ पर्यंत.

ब्रेक ड्रमचे आहेत. आजच्या डिस्कशी त्यांची तुलना करू नका. लायनर झिजले असतील तर नवे घाला, ड्रम आतून पुसा, कॅमच्या दांड्याला ग्रीस द्या, पण लायनरला बोटसुद्धा लागू देऊ नका. उतरणीवर भिस्त इंजिनावर ठेवायची: ज्या गेअरमध्ये घाट चढला असता, त्याच गेअरमध्ये उतरा. आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला तर ड्रम तापतो आणि नेमका शेवटच्या वळणाला हात आखडता घेतो. ओढ्यातून गाडी काढली की दोन्ही ब्रेक हलके दाबत शंभर मीटर चाला, म्हणजे लायनर वाळतील.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघायला पुढचं चाक उचलून हँडल एका टोकाकडून दुसरीकडे सोडा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर आतल्या वाट्यांना खड्डे पडलेत. नवा सेट घाला.

किक

तुमच्या पायातल्या जोरापेक्षा डीकॉम्प्रेसर (ओढला की सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) आणि अँपिअर मीटर जास्त काम करतात. पेट्रोल सोडा, थंडी असेल तर चोक लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. म्हणून चावी लावण्याआधी क्लच दाबून दोन-तीनदा किक फिरवा, त्या सुटतील. आता चावी लावा आणि किक हळूहळू दाबा. अँपिअर मीटरचा काटा उणेकडे जाईल आणि एका क्षणी मधे परत येईल, म्हणजे पॉइंट उघडले. किक घट्ट लागली की डीकॉम्प्रेसर ओढा, अगदी थोडी पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या. मग अंगाचा भार टाकून एकच पूर्ण किक. रेस देऊ नका. अर्धवट किक कधीच नको.

चालवण्याबद्दल, कारण तीही देखभालच आहे

या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. तो तेलाच्या पातळ थरावर जगतो. वरच्या गेअरमध्ये, कमी वेगात, चढावर रेस पिळून गाडी धडधडत ओढली की तो थर फुटतो. बुलेटचा टॉर्क दाखवायला लोक हेच करतात आणि इंजिनाचं आयुष्य निम्म्यावर आणतात. गेअर वेळेवर खाली घ्या. सपाट रस्त्यावर ६० ते ७० चा वेग तिला मानवतो. दर तास-दीड तासाने थांबा, इंजिनाला आणि पाठीला दोघांनाही गरज असते.

तयारीच्या फेऱ्या वाढवत न्या. आधी ५० किलोमीटर, घरी येऊन सगळे नट तपासा. मग १५०, पुन्हा तपासा. सायलेन्सर, फूटरेस्ट, मडगार्ड, बॅटरीची पेटी, आणि इंजिनाचा माथा चेसीला धरून ठेवणारी पट्टी, हे पाच हमखास सैल होतात. ही पट्टी सैल असेल तर बाकीचं सगळं दुप्पट वेगाने सैल होतं. त्यानंतर एका मुक्कामाची सहल, आणि मगच लांबचा बेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरण झालंय का ते आरसीवर बघा, ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षित नंबर प्लेट हे सगळं निघण्याआधी उरकून घ्या.

पिशवीत काय

क्लच आणि रेसची नवी केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा चालू केबलच्या शेजारून ओढून, टोकं प्लास्टिकमध्ये बांधून गाडीवरच तयार ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची, अंधारातही जमतं. याशिवाय लावून तपासलेला पॉइंट सेट, कंडेन्सर, दोन प्लग, चेनची कुलपं, एक ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या, फ्यूज, बल्ब, वायरचा तुकडा, अर्धा लिटर ऑइल, बांधायची तार आणि फिलर गेज. सुटा भाग नवा म्हणून विश्वास ठेवू नका. बाजारात नकली पॉइंट आणि कंडेन्सर भरपूर आहेत. एकदा गाडीवर लावून शंभर किलोमीटर चालवा, मगच पिशवीत टाका.

रस्त्यात बंद पडलीच तर पाच मिनिटं फक्त बसा, इंजिन निवू द्या. मग क्रमाने: टाकीत पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, पाईप काढल्यावर धार येते का. येत असेल तर प्लग काढून हेडला टेकवा आणि किक फिरवा. ठिणगी निळी आणि टचटचीत असेल तर दोष कार्बोरेटरकडे, नसेल तर पॉइंटकडे. पावसात असाल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. वायर तपासताना बॅटरीचं अर्थिंग जिथे चेसीला बसतं तो बोल्ट पहिला बघा.

परत आल्यावर वही काढा: किती किलोमीटर झाले, किती ऑइल वर घालावं लागलं, काय सैल झालं. पॉइंटची फट मोजून लिहा, म्हणजे हजार किलोमीटरला ती किती मिटते ते तुमच्या गाडीपुरतं कळेल. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, चेनला तेल द्या, बॅटरीची वायर सोडा. आणि गणपतीनंतर गाडी पुन्हा बाहेर काढाल तेव्हा किकला पाय लावण्याआधी क्रँकखाली भांडं ठेवून खालचा बूच उघडा.